मॅग्निट्यूड जुळला म्हणून फेजवर विश्वास ठेवू नका

'फ्रेक-झेड' (freqz, डिजिटल फिल्टर प्रत्येक फ्रीक्वेन्सीला किती मोठं करतो म्हणजे मॅग्निट्यूड, आणि किती मागेपुढे सरकवतो म्हणजे फेज, हे काढणारं फंक्शन) वापरता येतो असं धरूनच लिहितोय: अंशाचे आणि छेदाचे सहगुणक द्यायचे, तो एकक वर्तुळावर दोन्ही बहुपदांच्या किमती काढून भागाकार करतो. मॅटलॅब असो वा पायथॉनची सायपाय लायब्ररी, काम तेच. आता त्याच्या शेजारी कंट्रोलवाल्यांचा 'टीएफ' (tf, ट्रान्सफर फंक्शन बनवणारं फंक्शन) ठेवा. त्यालाही सहगुणकांच्या दोन याद्याच लागतात. मग लोक एकाच्या याद्या उचलून जशाच्या तशा दुसऱ्याला देतात, आणि कुठेही एरर येत नाही.

फ्रेक-झेड यादी झेडच्या (z, बहुपदांतलं चल) ऋण घातांत वाचतो. पहिला आकडा आत्ताच्या सॅम्पलचा, दुसरा एक सॅम्पल मागचा. टीएफला सॅम्पल टाइम दिला की तो झेडच्या धन घातांत वाचतो: शेवटचा आकडा स्थिर पद, त्याआधीचा झेडचा. म्हणजे एक जण याद्या डाव्या टोकाला जुळवतो, दुसरा उजव्या. दोन्ही याद्या सारख्या लांबीच्या असल्या तर उत्तर एकच. बटरवर्थ या नेहमीच्या फिल्टर प्रकाराच्या डिझाइनची तयार फंक्शनं नेमक्या तशाच याद्या देतात, म्हणून हा घोळ वर्षानुवर्षं झाकलेला राहतो.

लांबी वेगळी झाली की बघा. १ / (झेड − ०.५) हे फंक्शन घ्या. टीएफसाठी अंश [१], छेद [१, −०.५], अगदी बरोबर. हेच फ्रेक-झेडला दिलंत तर तो झेड / (झेड − ०.५) काढतो. मॅग्निट्यूड दोन्हीकडे तंतोतंत सारखा: शून्य फ्रीक्वेन्सीला २, नायक्विस्टला (सॅम्पलिंग रेटच्या निम्म्या फ्रीक्वेन्सीला) ०.६७. फेज मात्र नायक्विस्टला एकीकडे ०° आणि दुसरीकडे १८०°. एक सॅम्पलचा डिले गायब झालाय, आणि मॅग्निट्यूडचा आलेख त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. फीडबॅक लूपमध्ये याच फेजवरून फेज मार्जिन (लूप अस्थिर होण्याआधी किती फेज शिल्लक आहे ते) काढलंत, तर कागदावर स्थिर दिसणारा लूप प्रत्यक्षात डोलायला लागेल.

उपाय शून्यांचा. धन घातांतून फ्रेक-झेडकडे जाताना आखूड यादीच्या पुढे शून्यं लावा: अंश [०, १]. उलट जाताना मागे लावा. तीन सॅम्पलच्या सरासरीचा छेद फ्रेक-झेडला नुसता [१] चालतो, टीएफला [१, ०, ०] हवा. नाहीतर तो तुम्हाला भविष्यातले सॅम्पल वाचणारा फिल्टर देईल! मॅटलॅबमध्ये ऋण घातांतच राहायचं तर 'फिल्ट' आहे, आणि मी तोच वापरतो. सायपायमधला 'डीएलटीआय' (dlti, डिस्क्रीट सिस्टिमचा क्लास) मात्र टीएफच्याच पंगतीतला.

बाकीचे फरक किरकोळ. अक्ष रेडियनमध्ये आला तर सॅम्पलिंग रेट द्या; तो न देता काढलेले आलेख मी वाचतच नाही. डेसिबलसाठी लॉगला २० ने गुणायचं, १० ने नाही. फेज अनरॅप करा (३६०° च्या उड्या काढून सलग करा), करवतीचे दात कुणाला बघायचे नसतात.

शंका आली तर फिल्टरमध्ये एकच इम्पल्स (पहिला सॅम्पल १, बाकी सगळे ०) सोडा. वरच्या उदाहरणात ०, १, ०.५, ०.२५ यायला हवं. सुरुवातच १ ने झाली, तर पुढचं शून्य लावायचं राहिलंय.