पॅपिलोमा विषाणूंचे डीएनए प्रतिकरण

चामखिळीपासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगापर्यंतच्या विकारांना कारण ठरणारे पॅपिलोमा विषाणू त्वचेच्या व श्लेष्मल अस्तराच्या पेशींत आपल्या डीएनएच्या प्रती काढतात, ती प्रक्रिया. या विषाणूचा डीएनए म्हणजे दुहेरी धाग्याचे एक वर्तुळ, जेमतेम ८,००० बेसजोड्यांचे. त्यात डीएनए घडवणाऱ्या पॉलिमरेज या विकराचे जनुकच नाही. ते विकर यजमान पेशीकडून घ्यावे लागते. नागिणीच्या विषाणूच्या स्वतःच्या विकरांवर बेतलेले ॲसिक्लोव्हिर हे औषध इथे निरुपयोगी ठरते ते त्यामुळेच.

बारीकशा जखमेतून विषाणू अस्तराच्या तळच्या थरात उतरतो. पेशीविभाजनाच्या वेळी केंद्रकाचे आवरण विरते, तेव्हा त्याचा डीएनए आत शिरतो. पुढची भिस्त ई१ आणि ई२ या दोन प्रथिनांवर. ई२ आरंभस्थान हेरून ई१ला तिथे आणून बसवते. ई१च्या सहा-सहा रेणूंची दोन कडी बनतात आणि विरुद्ध दिशांना पीळ उलगडत निघतात. बाकी सारी राबणूक पेशीची: आरपीए प्रथिन सुटे धागे सांभाळते, पॉलिमरेज अल्फा-प्रायमेज सुरुवात करून देते, पॉलिमरेज डेल्टा धागा वाढवते, टोपोआयसोमरेज पिळाचा ताण काढते.

आरंभी पेशीत काही डझन प्रती होतात. मग पेशीसोबत त्याही संथपणे दुणावतात. विभाजनात त्या केंद्रकाबाहेर पडू नयेत म्हणून ई२ त्यांना गुणसूत्रांशी जखडून ठेवते. गुरांच्या पहिल्या प्रकारच्या विषाणूत यासाठी पेशीचे बीआरडी४ हे प्रथिन वापरले जाते.

खरी अडचण पुढे येते. वरच्या थरांकडे सरकणारी पेशी विभाजन सोडते आणि डीएनए घडवण्याची तिची यंत्रणा थंडावते. विषाणूला तर भरमसाट प्रती इथेच हव्या असतात. म्हणून ई७ प्रथिन पेशीच्या विभाजनाला आवरणारा आरबी या प्रथिनाचा लगाम सैल करते आणि धोकादायक प्रकारांत ई६ हे बिघडलेल्या पेशीला थांबवणारे किंवा मारणारे पी५३ हे प्रथिन नष्ट करवते. पेशीची डीएनए-दुरुस्ती यंत्रणाही एटीएम या तिच्या इशारा देणाऱ्या प्रथिनामार्फत कामाला जुंपली जाते. प्रती हजारांवर जातात, एल१ व एल२ या प्रथिनांच्या कवचात भरल्या जातात आणि झडणाऱ्या मृत पेशींबरोबर बाहेर पडतात.

कधीकधी विषाणूचा डीएनए तुटून पेशीच्या गुणसूत्रात सांधला जातो. त्यात बऱ्याचदा ई२चे जनुक मोडते, त्याच्या आवराबाहेर गेलेली ई६ आणि ई७ मोकाट सुटतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. विषाणूला त्यातून काही मिळत नाही: अशा मोडक्या तुकड्यापासून नवे विषाणूकण तयार होत नाहीत.