वाचनकट्टा
वाचनकट्टा : एकाच वस्तीत, गृहसंकुलात किंवा लगतच्या गल्ल्यांत राहणाऱ्या वाचकांनी ठरावीक दिवशी जमून, सर्वांनी आधी वाचलेल्या एका पुस्तकावर चर्चा करण्याचा अनौपचारिक उपक्रम. कट्टा म्हणजे मुळात पाराभोवतीची किंवा घरापुढची बसण्याची बांधीव जागा. तिथे रंगणाऱ्या गप्पांवरून हे नाव अशा मंडळींनाही मिळाले.

एकत्र वाचनाची सवय महाराष्ट्राला जुनी आहे. चातुर्मासात देवळात किंवा एखाद्याच्या ओसरीवर पोथी लावण्याची, तीत श्रीधरकवीचा ‘हरिविजय’ (1702) किंवा ‘पांडवप्रताप’ (1712) महिनाभर ऐकण्याची प्रथा होती. तिथे वाचणारा आणि अर्थ सांगणारा एखादाच असे, बाकीचे श्रोते. कट्ट्यावर मात्र प्रत्येकाने पुस्तक स्वतः वाचून यायचे असते आणि अर्थ सांगण्याचा अधिकार कोणा एकाकडे नसतो. निवृत्त प्राध्यापक किंवा वक्तृत्वाची हौस असलेले सदस्य हा फरक विसरले, की कट्ट्याचे पुन्हा प्रवचन होते आणि हळूहळू उपस्थिती रोडावते.

आठ ते पंधरा सदस्य, महिन्यातून एक बैठक आणि दीड-दोन तासांचा अवधी हे प्रमाण सोयीचे ठरते. सोसायटीचे कार्यालय, गच्ची, देवळाचा सभामंडप किंवा पाळीपाळीने सदस्यांची घरे यांपैकी काहीही चालते. घरी जमायचे असल्यास चहापलीकडे फराळाचा बेत नसावा, असा नियम सुरुवातीलाच केलेला बरा, कारण यजमानपदाचे ओझे वाटू लागले की पाळ्या चुकू लागतात.

खरी अडचण प्रतींची असते. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजारेक प्रतींची निघते आणि संपल्यावर पुढची निघेलच असे नसते. त्यामुळे गाजलेले परंतु दुर्मिळ पुस्तक निवडले, तर बारा जणांत दोन प्रती फिरतात आणि बैठकीपर्यंत निम्म्यांचे वाचन अपुरे राहते. रत्नागिरीचे नगर वाचनालय (1828) किंवा ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (1893) यांसारख्या जुन्या संस्थांच्या आणि 1967च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयांच्या गावांत ही अडचण थोडी हलकी होते, तरी एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती तिथेही क्वचितच असतात. म्हणून पुस्तक दोन महिने आधी ठरवणे आणि ते बाजारात मिळते याची खात्री करून घेणे हे संयोजकाचे पहिले काम असते. जाडजूड कादंबरीऐवजी एखादा कथासंग्रह घेतला, तर पूर्ण न वाचलेल्यालाही दोन कथांच्या बळावर बोलता येते.

यावर मराठीपुरती एक नामी सोय आहे, ती दिवाळी अंकांची. का. र. मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून रुजलेल्या या परंपरेत दरवर्षी शेकडो अंक निघतात. प्रत्येक सदस्याने वेगळा अंक विकत घ्यायचा, पंधरा दिवसांनी तो पुढच्याकडे द्यायचा आणि ज्या कथेवर किंवा लेखावर बोलावेसे वाटेल तिच्या पानात खूण ठेवायची, अशी अंकांची भिशी केली की फाल्गुनापर्यंतची चर्चा भागते. अंक हातोहात फिरताना आधीच्यांच्या खुणाही दिसत जातात. तीन-चार जणांनी खूण केलेली कथा आपोआपच पुढच्या बैठकीचा विषय होते.

चर्चेला तोंड फोडण्यासाठी पुस्तकाचा सारांश सांगण्याची पद्धत रूढ असली, तरी ती टाळावी. न वाचलेल्यांना तिचा आधार होतो आणि वाचलेले कंटाळतात. त्याऐवजी एकाने निवडक उताऱ्याचे अभिवाचन करावे, आणि तो उतारा का निवडला एवढेच सांगून थांबावे. लेखकाला पाहुणे म्हणून बोलावण्याचा मोह अनेक कट्ट्यांना होतो. लेखक समोर बसला की मतभेद गिळले जातात आणि बैठकीचा सत्कारसमारंभ होतो, म्हणून अनुभवी संयोजक आधी सदस्यांपुरती चर्चा उरकून घेतात आणि लेखकाला त्यानंतरच्या महिन्यात, तिच्यातून उरलेले प्रश्न हाती घेऊन बोलावतात.