राज्यघटनेची मूलभूत चौकट

भारताच्या राज्यघटनेत बदल करण्याचा संसदेचा अधिकार कुठवर पोचतो, हे ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा सिद्धान्त. अनुच्छेद 368 प्रमाणे प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांची दोन तृतीयांश मते मिळाली की घटनादुरुस्ती मंजूर होते. संघराज्याशी निगडित काही तरतुदींसाठी किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. या मार्गाने कोणतेही कलम बदलता येते, पण घटनेची ओळखच पुसली जाईल असा बदल करता येत नाही. ‘मूलभूत चौकट’ हे शब्द मात्र घटनेत कुठेही नाहीत.

1951 मध्ये न्यायालयाने संसदेचा हा अधिकार जवळजवळ अमर्याद मानला होता. पहिली शंका 1965 च्या सज्जनसिंह खटल्यात न्या. ज. र. मुधोळकर यांनी काढली: घटनेचे मूलभूत वैशिष्ट्य बदलणे ही दुरुस्ती, की घटनेचे पुनर्लेखन? 1967 च्या गोलकनाथ निकालाने मूलभूत हक्क दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवले. संसदेने 1971 च्या 24 व्या दुरुस्तीने तो निष्प्रभ केला.

मग केशवानंद भारती खटला उभा राहिला. केरळातील एडनीर मठाच्या या अधिपतींनी राज्याच्या जमीन सुधारणा कायद्याला आव्हान दिले होते. 13 न्यायाधीशांपुढे 68 दिवस सुनावणी चालली. नानी पालखीवाला मठाधिपतींच्या बाजूने, तर ह. म. सीरवाई केरळच्या बाजूने उभे होते. 24 एप्रिल 1973 रोजी 7 विरुद्ध 6 असा निकाल लागला. पारडे फिरवणारे मत न्या. हंसराज खन्ना यांचे. ‘दुरुस्ती’ या शब्दातच जुनी घटना शिल्लक राहणे गृहीत आहे, एवढा साधा त्यांचा आधार होता. मराठीत रूढ झालेला ‘चौकट’ हा शब्द इथे चपखल बसतो: दार बदलले, कडी नवी लावली, तरी चौकट तीच राहते.

या चौकटीत काय काय येते, यावर बहुमतातल्या न्यायाधीशांचेही एकमत नव्हते. सरन्यायाधीश सिक्री यांनी घटनेची सर्वोच्चता, प्रजासत्ताक व लोकशाही शासन, धर्मनिरपेक्षता, सत्ताविभाजन आणि संघराज्य ही पाच वैशिष्ट्ये सांगितली. पक्की यादी आजही नाही. खटल्यागणिक ती वाढत आली.

निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी संसदेला का अडवावे, हा आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर आणीबाणीत सापडते. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने, घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही आणि संसदेच्या या अधिकारावर कसलीही मर्यादा नाही, अशी पोटकलमे घातली. मिनर्व्हा मिल्स खटल्यात (1980) ती रद्द झाली. बहुमताचा निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी, 1973 मध्ये अल्पमतातल्या सहांपैकी एक असलेल्या पुण्याच्या न्यायाधीशांनी. दुरुस्तीचा अधिकार मर्यादित असणे हेच घटनेचे मूलभूत वैशिष्ट्य आहे. तो मर्यादित अधिकार वापरून संसद स्वतःला अमर्याद अधिकार बहाल करू शकत नाही, असे त्यांनी लिहिले. या सिद्धान्ताच्या इतिहासात यापेक्षा प्रामाणिक पान दुसरे नाही.

पुढे बोम्मई (1994) निकालात धर्मनिरपेक्षता आणि संघराज्य यांना, चंद्रकुमार (1997) निकालात न्यायालयीन पुनर्विलोकनाला, म्हणजे कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासण्याच्या न्यायालयांच्या अधिकाराला, या सिद्धान्ताचे बळ मिळाले. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी आयोग स्थापणारी 99 वी दुरुस्ती 2015 मध्ये याच कसोटीवर रद्द झाली. बांगलादेशच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच हा सिद्धान्त आपलासा केला होता.