फोनमधला नकाशा आणि पायाखालचा बर्फ

फ्रान्समधील शामोनी गावातून रोपवेत बसले, की सुमारे 20 मिनिटांत माणूस 3,842 मीटर उंचीच्या एग्युई द्यु मिदी या सुळक्याच्या माथ्याशी पोहोचतो. तिथून बर्फातल्या बोगद्यातून बाहेर पडून, दोर धरून एक अरुंद धार उतरावी लागते आणि मग समोर व्हाले ब्लांश पसरलेली दिसते. जवळपास 20 किलोमीटर लांबीचा हा हिमनदीवरून खाली जाणारा स्कीइंगचा मार्ग आहे. त्यावर ना खांब, ना दोऱ्या, ना रात्री यंत्राने दाबून सपाट केलेला बर्फ. खिशातल्या फोनमध्ये मात्र याच जागेचा नकाशा असतो आणि त्यावर आपण जिथे उभे आहोत तिथे एक निळा ठिपका असतो. त्या ठिपक्याला काय कळते आणि काय कळत नाही, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्या भरवशावर उतरू नये, असे मला मनापासून वाटते.

पहिली गोष्ट अशी, की ठिपक्याला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचे संकेत पाठवत असतात आणि निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की ते पोहोचायला लागलेल्या वेळांवरून फोन आपले स्थान काढतो. नेटवर्क लागते ते नकाशाचे चित्र उतरवून घेण्यासाठी आणि उपग्रहांची कक्षामाहिती झटपट मिळवण्यासाठी. ती माहिती थेट उपग्रहाकडूनही मिळते, फक्त त्याला अर्धा मिनिट किंवा थोडा अधिक वेळ लागतो. म्हणून हॉटेलच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा आदल्या रात्रीच उतरवून ठेवला, तर डोंगरात सिग्नल गेला तरी काम अडत नाही.

दुसरी गोष्ट ठिपक्याच्या आकाराची आहे. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूक साधारण 5 मीटरच्या आत राहते. उभ्या कड्यांच्या मधल्या घळीत अर्धे आकाश झाकले जाते, संकेत खडकावर आपटून लांबच्या वाटेने येतात आणि चूक कितीतरी वाढते. उंचीचा अंदाज तर त्याहूनही कच्चा असतो. त्यासाठी अनेक फोनांत हवेचा दाब मोजणारा संवेदक असतो, पण हवामान पालटले, की दाबही पालटतो आणि एका जागी स्वस्थ उभा असलेला माणूस फोनच्या हिशेबाने वर किंवा खाली सरकू लागतो.

आखलेल्या घसरवाटांवर, म्हणजे पिस्टवर, या चुकीने सहसा बिघडत नाही. तिथे ॲपकडून हवे असते ते वेगळेच. तिकीटखिडकीवर मिळणारा घडीचा रंगीत नकाशा हे खरे तर चित्र असते. ऑस्ट्रियाचे हाइनरिश बेरान यांच्यासारख्या चित्रकारांनी ही कला घडवली. सगळे उतार बघणाऱ्याच्या दिशेने वळवायचे, मागची दरी पुढे आणायची, लांबच्या वाटा आखडायच्या, जेणेकरून एका नजरेत सारे दिसावे. ते डोळ्यांना सुखावते, पण त्याला प्रमाण नाही. ॲपमधला नकाशा खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवलेला असतो. त्यातल्या पुष्कळ वाटा ओपनस्ट्रीटमॅप या 2004 साली सुरू झालेल्या खुल्या प्रकल्पात स्वयंसेवकांनी एकेक करून काढलेल्या आहेत. स्वित्झर्लंडचे झरमॅट आणि इटलीचे चेर्व्हिनिया ही एकमेकांना जोडलेली ठिकाणे आहेत. दुपारी सीमेपलीकडे उतरून शेवटची लिफ्ट चुकली, तर परत यायला डोंगराला मोठा वळसा घालणारा कित्येक तासांचा रस्ताच उरतो. अशा ठिकाणी अंतर खरे दाखवणारा नकाशा आणि लिफ्ट बंद होण्याची वेळ, एवढे दोनच तपशील दिवस वाचवतात.

पिस्टची कड मात्र फोनवर विसंबून ठरवता येत नाही. 29 डिसेंबर 2013 रोजी फ्रान्समधील मेरिबेल येथे फॉर्म्युला वन शर्यतींचे विजेते मायकेल शूमाखर यांना गंभीर अपघात झाला, तेव्हा ते पिस्टच्या कडेपासून अवघ्या काही मीटरवर, सपाट न केलेल्या बर्फावर होते. एवढे अंतर आणि फोनची चूक जवळपास सारखीच. फ्रान्समध्ये पिस्टच्या कडेला वाटेच्या रंगाचे खांब असतात, त्यांवर आकडे असतात आणि ते खाली जाताना कमी होत जातात. मदत मागताना पिस्टचे नाव आणि जवळच्या खांबाचा आकडा सांगितला, की बचावपथकाला नेमकी जागा कळते. यासाठी डोळे पुरतात.

पिस्ट सोडल्यावर नकाशाचे खरे बळ दिसते ते उतारांच्या रंगांत. हिमस्खलने बहुतांशी 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा सुटत नाही आणि त्याहून उभ्या जागी तो साठण्याआधीच थोडाथोडा ओघळत राहतो. म्हणून स्विस सरकारी भूमापन संस्थेच्या नकाशात 30 ते 35 अंशांचे उतार पिवळे, 35 ते 40 नारिंगी, 40 ते 45 लाल आणि त्यापुढचे जांभळे दाखवलेले असतात. डोळ्यांना 28 अंश आणि 34 अंश यांतला फरक कळणे अवघड. रंगाने तो चटकन कळतो. मात्र आपण पांढऱ्या भागात आहोत म्हणून निश्चिंत होणे चुकीचे आहे. पायाखाली 20 अंशांचा उतार असला, तरी डोक्यावर 38 अंशांचा भरलेला उतार असेल, तर वरचा बर्फ खालीच येणार आहे. रंग बघायचे ते आपल्या वाटेवरचेच नव्हेत, तर वाटेच्या वरचेही.

हे रंग ज्या मोजणीतून येतात, ती किती बारीक आहे हे ठिकाणानुसार बदलते. आल्प्समध्ये उंचीची नोंद फार बारीक आहे. जगाच्या इतर अनेक पर्वतांसाठी सार्वजनिक माहिती सुमारे 30 मीटरच्या चौकटींची असते. तिचा एक मोठा साठा फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकी अवकाशयानाने रडारने केलेल्या मोजणीतून आला. अशा एका चौकटीत 10 मीटरचा सरळ तुटलेला कडा असेल, तर हिशेबात तो 30 मीटरवर पसरतो आणि नकाशा 18 अंशांचा सौम्य उतार दाखवतो. कडा जागेवरच असतो, फक्त नकाशातून गेलेला असतो. गुलमर्गला गोंडोलाने जवळपास 3,950 मीटरवर जाऊन अफरवटच्या उतारांवर उतरणाऱ्यांनी हा हिशेब विसरू नये.

आणि कितीही बारीक मोजणी केली, तरी ती जमिनीची असते. काल रात्री वाऱ्याने कोणत्या घळीत बर्फ नेऊन भरला, आठवड्यापूर्वीचा कमकुवत थर अजून खाली आहे का, दुपारच्या उन्हाने काय सैल झाले, यातले काहीही नकाशात नाही. दावोसच्या हिमसंशोधन संस्थेसारख्या संस्था रोज 1 ते 5 अशा पाच पातळ्यांत धोका जाहीर करतात. रंगांचा नकाशा तो अहवाल वाचल्यावर उघडायचा. दुसऱ्याने नोंदवलेला ट्रॅक फोनमध्ये घेऊन त्यावरून चालण्याची सवय आपल्याला सह्याद्रीत लागलेली आहे, आणि तिथे ती बरीच चालून जाते, कारण कातळ आणि खिंड पुढच्या वर्षीही तिथेच असते. बर्फातला ट्रॅक एका विशिष्ट दिवसाच्या बर्फावरचा असतो. तो माणूस सुखरूप उतरला, एवढेच त्यावरून कळते. व्हाले ब्लांशच्या खालच्या टोकाला मेर द ग्लास ही हिमनदी इतकी खचली आहे, की मोंतांव्हेर येथील जुन्या गोंडोलापासून बर्फापर्यंत पोहोचायला पाचशेहून अधिक पायऱ्या बांधाव्या लागल्या. जिथे बर्फाचा पृष्ठभागच वर्षाला काही मीटर खाली जातो आणि भेगांची जागा सरकत राहते, तिथल्या जुन्या रेषेला किती किंमत द्यायची? या मार्गावर वाटाड्या घेणेच मला योग्य वाटते.

ॲपवरही फार जीव लावू नये. त्रिमितीय नकाशांसाठी अनेक स्कीअर ज्यावर अवलंबून होते, ते फॅटमॅप दुसऱ्या कंपनीने 2023 मध्ये विकत घेतले आणि ऑक्टोबर 2024 मध्ये ते बंद झाले. महत्त्वाचा मार्ग दोन ठिकाणी जपून ठेवावा आणि कागदी नकाशा पाठपिशवीत असू द्यावा.

थंडीत लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, विद्युतदाब एकदम पडतो आणि 30 टक्के दाखवणारा फोन हातातच विझतो. अंगाच्या उबेला ठेवला, की तोच फोन पुन्हा चालू होतो, कारण ऊर्जा गेलेली नसते, नुसती अडलेली असते. म्हणून जागा आतल्या खिशाची. पण तिथेच बहुतेकांच्या छातीवर हिमस्खलनात गाडलेल्या माणसाच्या शोधासाठी लागणारे, रेडिओ संकेत पाठवणारे आणि पकडणारे 457 किलोहर्ट्‌झचे यंत्रही बांधलेले असते आणि फोनमुळे त्यात अडथळा येतो. प्रक्षेपण चालू असताना फोन त्यापासून 20 सेंटिमीटर आणि शोध चालू असताना 50 सेंटिमीटर लांब ठेवायचा, असा नियम आहे. फोन मांडीवरच्या आतल्या खिशात ठेवला, तर ऊबही मिळते आणि अंतरही राखले जाते. शोधाच्या यंत्राची जागा फोनमधले कोणतेही ॲप घेऊ शकत नाही.

गुलमर्गला निघणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. महाराष्ट्रातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, त्यामुळे पोस्टपेड जोडणी नसेल, तर नकाशे घरीच उतरवून न्यावे लागतात. आणि परदेशातले स्कीअर बाळगतात तशी उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणे भारतात परवान्याशिवाय नेता येत नाहीत, हे सामान भरतानाच लक्षात घ्यावे.