पांढरं पाणी आणि राखाडी किट

1989 च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 बायकांची त्यांनी तपासणी केली होती. त्यांतल्या 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. सरासरी काढली तर एकेकीला साडेतीनहून जास्त आजार निघाले, आणि त्यातले निम्मे जंतुसंसर्गाचे. याआधी कधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका शंभरात आठसुद्धा नव्हत्या. तोवर सरकारी आरोग्यव्यवस्थेच्या लेखी बाई म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी.

औषधांना न जुमानणाऱ्या लैंगिक आजारांवर हल्ली जे लिहिलं जातं त्यात जंतू असतात, जनुकं असतात, येऊ घातलेली प्रतिजैविकं असतात. बायकांपुरतं बोलायचं तर हा इतिहास मला आधी तपासणीचा वाटतो. कोणाला तपासलं आणि कोणाला नाही, यावरच पुढचं बरंच ठरलं.

तपासणीची सक्ती या देशात झाली होती, पण ती वेगळ्याच कारणासाठी. गोऱ्या सैनिकांना गरमी-परमा हे लैंगिक आजार होऊ नयेत म्हणून 1868 मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा आला. वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायकांची नोंदणी आणि तपासणी सक्तीची झाली, आजारी निघेल तिला लॉक हॉस्पिटलात, म्हणजे अशा आजारांसाठीच्या बंदिस्त दवाखान्यात, डांबलं जाई. सैनिकाला हा कायदा लागू नव्हता. 1888 मध्ये तो रद्द झाला, पण हे आजार 'तसल्या' बायकांचे ही समजूत काही गेली नाही. घरातल्या बाईला कोणी विचारलं नाही, आणि तीही आपणहून बोलली नाही.

त्यातून परमा म्हणजे गनोरिया हा बायकांच्या शरीरात गप्प बसणारा आजार. पुरुषाला काही दिवसांत जळजळ होते, पू येतो आणि तो औषध शोधायला निघतो. बाईच्या गर्भाशयमुखात तोच जंतू कित्येकदा काहीच लक्षण न दाखवता राहतो. क्लॅमिडिया या दुसऱ्या लैंगिक संसर्गाचं तर हे नेहमीचंच. तिथून संसर्ग वर सरकला की गर्भनलिका खराब होतात. मग मूल राहत नाही किंवा गर्भ नलिकेतच राहतो. मूल झालं नाही तर बोल कोणाला लागतो, हे सांगायला नको.

औषधांची कहाणी याला समांतर चालली. गनोरियाचा जंतू 1879 मध्ये आल्बर्ट नाइसरने ओळखला. 1930 च्या दशकात सल्फा औषधं आली आणि दहा वर्षांच्या आत निकामी होऊ लागली. पेनिसिलिन आलं तेव्हा दीड-दोन लाख युनिटांत काम भागत असे. 1972 पर्यंत अमेरिकेतला अधिकृत डोस 48 लाख युनिटांवर गेला होता. 1976 मध्ये पेनिसिलिन फोडून टाकणारे जंतूच सापडले. पुढे टेट्रासायक्लिन गेलं, सिप्रोफ्लॉक्सॅसिन गेलं. भारतात आज या जंतूवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन जवळपास निरुपयोगी आहे. 2011 मध्ये जपानमधून सेफ्ट्रियाक्सोन या हाती उरलेल्या मुख्य औषधालाही दाद न देणाऱ्या जंतूची नोंद प्रसिद्ध झाली. गनोरियाचा जंतू घशातल्या आपल्या निरुपद्रवी भाऊबंदांकडून औषधाला दाद न देणारी जनुकं उचलतो. म्हणजे सर्दी-खोकल्यासाठी दुकानातून आणलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांना हे भाऊबंद सरावतात, तेव्हा त्या गोळ्यांचाही यात हातभार लागतो.

लोकसंख्या आणि विकास या विषयावरच्या 1994 च्या कैरो परिषदेनंतर प्रजनन आरोग्य हा विषय सरकारी कार्यक्रमांत आला. प्रयोगशाळा गावोगाव नव्हत्या, म्हणून लक्षणांवरून उपचार करायची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली आणि आपणही घेतली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने त्यासाठी औषधांची वेगवेगळ्या रंगांची किट ठरवली. योनीमार्गाच्या दाहाला हिरवं, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं, गर्भाशयमुखातून स्राव दिसला तर राखाडी. राखाडीत दोन प्रतिजैविकं, अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम आणि सेफिक्सिम 400 मिलिग्रॅम.

पद्धत वाईट नव्हती. पुरुषांच्या बाबतीत ती बऱ्यापैकी चाललीही. पण हिरवं की राखाडी हे ठरवायला आत बघावं लागतं. त्याला स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून बघायचं साधन हवं, टेबल हवं, पडदा हवा, शक्यतो बाई डॉक्टर हवी. जिथे यातलं काही नाही तिथे 'पांढरं पाणी जातं' एवढ्या तक्रारीवर गोळ्या हातात पडणार. आणि पांढऱ्या पाण्यावरून गनोरिया किंवा क्लॅमिडिया ओळखण्याचा अंदाज फार कच्चा असतो. ज्यांना हे आजार नाहीत त्या प्रतिजैविकं घेतात, ज्यांना आहेत पण त्रास नाही त्या दवाखान्यात येतच नाहीत. अझिथ्रोमायसिनच्या अशा एकाच डोसातून मायकोप्लाझ्मा जेनिटेलियम नावाचा आणखी एक जंतू त्या औषधाला सरावला, हे नंतर लक्षात आलं. गनोरियावरच्या सेफिक्सिमचा पहिल्या पसंतीचा मान अमेरिकेने 2012 मध्येच काढून घेतला होता.

आणखी एक. पुन्हा उलटलेला प्रत्येक आजार औषधाला न जुमानणारा नसतो. बायकोने गोळ्या घेतल्या आणि नवऱ्याने घेतल्या नाहीत, तर महिन्याभरात ती पुन्हा तिथेच. केसपेपरवर मात्र 'औषध लागू पडलं नाही' एवढंच उरतं आणि पुढचं, जास्त जोरकस औषध लिहिलं जातं.

2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि शक्य असेल तिथे चाचणी करूनच औषध द्यायला सांगितलं. योनीमार्गातला नमुना बाई स्वतः कापसाच्या काडीवर घेऊ शकते, त्याला पडदाही लागत नाही आणि टेबलही. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत क्षयरोगाची थुंकी तपासायला सीबीनॅट यंत्रं आहेत. त्याच यंत्रात गनोरिया आणि क्लॅमिडियाची चाचणी सुमारे दीड तासात होते. फक्त कार्ट्रिज, म्हणजे नमुना घालून यंत्रात बसवायची डबी, वेगळी लागते, आणि ती महाग आहे.