सबफ्रेम बदलला म्हणून पिकअप जास्त केळी वाहत नाही

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडे पक्का समज आहे: जुन्या पिकअपचा पुढचा सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) काढून नव्या गाडीचा सबफ्रेम (पुढची चाकं, सस्पेन्शन आणि स्टीअरिंग धरणारा लोखंडी सांगाडा) टाकला की भार वाढतो. तसं होत नाही. केळीचं बहुतेक वजन मागच्या अ‍ॅक्सलवर, मागच्या पाट्यांवर आणि टायरांवर येतं; ते तर जुनेच राहतात. पुढच्या बाजूला फायदा होतो तो वळणात, ब्रेकमध्ये आणि खड्ड्यांत. तोही सबफ्रेम चौकोनात, म्हणजे दोन्ही कर्ण सारखे आहेत हे मोजून बसवला तरच. स्टीअरिंग रॅकची (चाकं वळवणाऱ्या दांड्याची) उंची चुकली की प्रत्येक खड्ड्यात चाकं आपोआप वळतात. भरल्या गाडीत हे जिवावर बेतेल. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मर्यादा घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. वेल्डिंगआधी आरटीओत विचारा, कळकळीने सांगतो.