इंजिन तेलाचे शीतन

इंजिन तेलाचे शीतन : अंतर्ज्वलनी इंजिनातील वंगण तेलाचे तापमान ठरावीक पट्ट्यात राखण्याची व्यवस्था. प्रस्तुत नोंदीत रस्त्यावर चालणाऱ्या, पण अधिक शक्तीच्या व वेगवान मोटारगाड्यांपुरता विचार केला आहे. शर्यतीच्या गाड्या, मालमोटारी व स्थिर इंजिने यांचे प्रश्न काहीसे वेगळे असतात.

तेल घर्षण कमी करते, तसेच पाणी जेथे पोहोचत नाही तेथील उष्णताही तेच वाहून नेते. पिस्टनच्या माथ्याची खालची बाजू, क्रँकशाफ्ट व कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे, कॅमशाफ्ट आणि टर्बोचार्जरचा दांडा या सर्वांचा मुख्य आधार तेल असते. अनेक आधुनिक इंजिनांत पिस्टनच्या पोटावर तेलाची धार मारणाऱ्या बारीक नळ्या असतात. या धारेमुळे पिस्टन थंड राहतो. मात्र त्याची उष्णता तेलात येते आणि ती पुढे कोठेतरी टाकावी लागते.

तापमानाचा पट्टा : सर्वसाधारण वापरात चेंबरमधील (इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या कुंडीतील) तेल ९० ते ११० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. सतत पूर्ण शक्तीने चालवल्यास ते १३० अंशांच्या पुढे जाऊ शकते. धोक्याची मर्यादा कोणती, याबाबत मते वेगवेगळी आहेत. खनिज तेलांच्या काळात १२० अंश ही सावधगिरीची रेषा समजत. संश्लेषित तेले १३० ते १४० अंश काही काळ सहन करतात, असे आज सामान्यतः धरले जाते. या आकड्यांची तुलना करताना तापमान कोठे मोजले हे पाहणे आवश्यक आहे. चेंबरमधील, फिल्टरपाशी घेतलेले आणि शीतकातून (तेल थंड करणाऱ्या उपकरणातून) बाहेर पडल्यानंतरचे असे तीन आकडे एकाच इंजिनात एकाच वेळी वेगवेगळे येतात, आणि बेअरिंगमधील तेलाचा पापुद्रा या तिन्हींहून अधिक तापलेला असतो. तेलांची ३०, ४०, ५० अशा श्रेणींत वर्गवारी करणाऱ्या एसएई जे३०० या मानकात श्यानतेची (दाटपणाची) एक कसोटी १०० अंशांना व दुसरी, तीव्र कर्तन प्रेरणेखालची (तेलाचे थर एकमेकांवरून जोराने घसरत असतानाची), १५० अंशांना घेतात. दुसऱ्या कसोटीचे प्रयोजन बेअरिंगमधील ही स्थिती हेच आहे. तिच्यानुसार ३० श्रेणीच्या तेलाची श्यानता किमान २.९ आणि ५० श्रेणीची किमान ३.७ मिलिपास्कल-सेकंद असावी लागते.

४० श्रेणीच्या तेलाची श्यानता १०० अंशांवरून १३० अंशांवर जाताना सुमारे निम्मी होते. तेलाचे ऑक्सिडीभवन दर १० अंशांमागे अंदाजे दुप्पट वेगाने होते, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. उलट टोकाला, तेल फार थंड राहिले तर ज्वलनातून झिरपलेले पाणी व कच्चे पेट्रोल बाष्परूपाने निघून जात नाही, गाळ साचतो आणि तेल ढवळण्यातच शक्ती खर्च होते. त्यामुळे ७० अंशांवर अडकलेले तेल हे चांगल्या शीतनाचे लक्षण मानता येत नाही.

उगम : मोटारींवरील लेखनात तेल-शीतकाचा इतिहास बहुधा हवेने थंड होणाऱ्या इंजिनांपासून सुरू करतात. विमानांतील वापर त्याआधीचा असावा. १९२९ च्या श्नायडर चषक स्पर्धेतील सुपरमरीन एस.६ या सागरी विमानात तेल धडाच्या दोन्ही बाजूंवरील पन्हळींतून शेपटीच्या उभ्या पंखाकडे नेऊन पोटाखालून परत आणले जाई; म्हणजे विमानाची त्वचाच शीतकाचे काम करी. ही कल्पना मोटारीत थेट विमानातून आली की दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचली, हे निश्चित सांगणे कठीण आहे. गरज एकच असल्याने दुसरी शक्यता अधिक संभवनीय वाटते.

फोक्सवागेन बीटलच्या इंजिनात तेलाचा उभा शीतक पंख्याच्या आवरणाच्या आत बसवलेला होता. त्यातून गेलेली गरम हवाच पुढे तिसऱ्या सिलिंडरवर पडे, आणि त्या सिलिंडरची झडप जळण्याची तक्रार या इंजिनाला दीर्घकाळ चिकटून राहिली. १९७१ च्या मॉडेलपासून शीतक बाजूला सरकवून त्याला वेगळी हवा देण्यात आली. शीतकाची जागा त्याच्या आकाराइतकीच निर्णायक असते, हे दाखवणारे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

पोर्शे ९११ : सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्ट येथे ९०१ या क्रमांकाने दाखवलेल्या आणि पुढे ९११ म्हणून विकल्या गेलेल्या या गाडीत तेल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत साठवले जाते. एक पंप क्रँककेसमधून तेल उपसून टाकीत टाकतो, तर दुसरा ते दाबाने इंजिनाला पुरवतो. इंजिनालाच जोडलेल्या शीतकावर सुरुवातीच्या गाड्यांचे भागत असे. १९६९ च्या ९११ एस मध्ये यांत्रिक इंधन-अंतःक्षेपणामुळे शक्ती वाढली आणि उजव्या पुढच्या मडगार्डमध्ये दुसरा शीतक द्यावा लागला. इंजिन मागे व शीतक पुढे, म्हणजे तेलाच्या नळ्या गाडीच्या जवळजवळ लांबीइतक्या झाल्या.

१९७२ च्या मॉडेलमध्ये तेलटाकी मागच्या उजव्या चाकाच्या पुढे आणली गेली व तेल भरण्याचे झाकण बाहेरच्या अंगाला आले. एका वर्षातच ही रचना मागे घेण्यात आली. पेट्रोल पंपावरील नोकर त्या झाकणातून पेट्रोल ओतत, हे कारण सर्वत्र सांगितले जाते. बाजूने बसणाऱ्या धडकेबाबतच्या सुरक्षेचा विचार हे दुसरे कारणही काही ठिकाणी मिळते. पहिले अधिक रंजक असल्याने अधिक पसरले असावे. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असण्यास अडचण नाही.

१९९८ पर्यंत चाललेल्या या मालिकेला ‘हवा-शीतित’ म्हणण्याची रूढी आहे. काही तज्ञ मात्र तिला ‘तेल-शीतित’ म्हणणे पसंत करतात. सिलिंडर व हेड यांच्या पंखांवर पंख्याची हवा जात असली, तरी पिस्टन, बेअरिंगे व कॅमशाफ्टच्या कोठ्या यांची उष्णता तेलच नेते, असे त्यांचे म्हणणे आहे. अखेरीस प्रत्येक मोटारीची उष्णता हवेतच जाते. प्रश्न मधल्या वाहकाचा आहे. तसे पाहता ‘हवा व तेल यांनी शीतित’ हे वर्णन वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते. १९९७ मध्ये आलेल्या, पाण्याने थंड होणाऱ्या ९९६ या ९११ च्या नव्या पिढीमध्ये इंजिनावरच तेल-पाणी ऊष्मा-विनिमयक बसवून हा वाद निकालात निघाला.

माझ्दा आरएक्स-७ या गाडीतील वांकेल इंजिन (पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेले) हे आणखी टोकाचे उदाहरण होय. त्याच्या बाहेरील कवचात पाणी फिरते, पण आत फिरणाऱ्या त्रिकोणी रोटरला थंड ठेवायला तेलावाचून दुसरे काही नाही. १९९० च्या दशकातील तिसऱ्या पिढीच्या काही कडक आवृत्त्यांना त्यामुळेच दोन शीतक दिलेले होते.

प्रकार व रचना : हवेवर चालणारा शीतक हा नळ्यांचा किंवा एकावर एक रचलेल्या पोकळ पट्ट्यांचा ॲल्युमिनियमचा संच असतो. तेल दाट असल्याने ते नळीतून थरांनी संथ वाहते, कडेचा थर थंड होतो आणि मधला गरमच निघून जातो. म्हणून आत खळबळ निर्माण करणारी पत्रे बसवतात. याची किंमत दाबातील घटीच्या रूपाने मोजावी लागते. पाण्यावर चालणारा विनिमयक लहान असतो, थंड इंजिनात तेल लवकर तापवतो आणि पुढच्या बंपरमध्ये जागा मागत नाही. आजच्या कारखानी गाड्यांत तोच अधिक आढळतो. मात्र त्यातील तेल पाण्याच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही आणि त्याचा भार रेडिएटरवर पडतो.

आकडेमोड सोपी आहे. मिनिटाला सुमारे ३० लिटर, म्हणजे सेकंदाला ०.४ किलोग्रॅम तेल शीतकातून जात असेल, त्याची विशिष्ट उष्णता २.२ किलोजूल धरली आणि ते १५ अंशांनी थंड झाले, तर साधारण १३ किलोवॉट उष्णता बाहेर जाते. इतके पाणी तितकेच थंड झाले असते, तर जवळपास दुप्पट उष्णता नेली असती.

नंतर बसवलेल्या संचात फिल्टर व इंजिन यांच्या मध्ये एक चकती घालून तेथून तेल नळ्यांवाटे शीतकाकडे नेतात. या चकतीत थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) असणे फार आवश्यक आहे. तो साधारण ८० ते ८५ अंशांना उघडतो व तोवर बहुतेक तेल परस्पर इंजिनात परतते. अधिक ओळींचा शीतक निवडण्याची हौस सर्वत्र दिसते. पण थर्मोस्टॅट नसलेला मोठा शीतक रोजच्या शहरी फेऱ्यांत उपकारापेक्षा अपकारच करतो. शीतकासमोर हवा आणण्याइतकीच त्यामागून ती बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवावी लागते. रेडिएटरसमोर शीतक लावल्यास रेडिएटरला तापलेली हवा मिळते.

बेअरिंग निकामी होऊन इंजिन फुटले असेल, तर शीतकाच्या अरुंद वाटांत धातूचा कीस अडकून राहतो. तो धुऊन पूर्ण निघत नाही. नव्या इंजिनाला जुना शीतक जोडणे टाळावे.

भारतातील स्थिती : तेल १२० व बाहेरची हवा २० अंश असेल तर फरक १०० अंशांचा होतो. विदर्भातील मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की तो ७५ उरतो; तोच शीतक सुमारे एक चतुर्थांश कमी उष्णता टाकतो. घाटाच्या लांब चढणीत वेग कमी, भार जास्त आणि हवा तोकडी अशी तिहेरी अडचण येते. तेल-शीतकाचा परिचय येथे बहुसंख्य लोकांना मोटारीपेक्षा मोटारसायकलींतून झाला. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये पल्सर २०० व २२० या गाड्यांवर तो दिला होता.